किल्ली कुणाकडे ठेवायची?

शेतातून नुकत्याच आलेल्या, भाकऱ्या थापता थापता ऐकणाऱ्या, शिलाई मशीनवर पाय चालू ठेवून कान इकडे दिलेल्या तुम्हां सगळ्यांना आमचा रामराम.

परीक्षा संपत आल्या. पोरांनी मामाच्या गावाला जायचा धोशा लावला असेल. कुणी माहेरी जाईल, कुणी पुण्या-मुंबईला लेकाकडे, कुणी लेकीच्या बाळंतपणाला. काही गटांची अष्टविनायकाची यात्राही ठरली आहे. पुढं आषाढी आली की वारी आहेच. वर्षभर घर सोडायला मिळत नाही, त्यामुळे चार दिवस मिळाले की बाईचा जीव हरखतो. पण गाडीत बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न येतोच, ‘अगं बाई, मागच्या दाराची कडी लावली का?’

आज आपण त्या मागच्या दाराबद्दल बोलणार आहोत. आणि त्याहून जास्त, शेजारणीच्या हातात आपण ठेवून जातो त्या किल्लीबद्दल.

आम्ही बचत गटांचं काम पाहणाऱ्या समन्वयक. गावोगाव बैठकांना जातो, वह्या तपासतो, कर्जाचे हप्ते बघतो. आज जे सांगणार आहोत ते आमच्याच एका गटात घडलेलं आहे. ज्यांच्या बाबतीत घडलं त्या दोघींना विचारून सांगतो आहोत. नावं मात्र सांगणार नाही. एकीला वहिनी म्हणू, दुसरीला काकू.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. गटाची बैठक शुक्रवारी संध्याकाळी झाली. बाराजणींची प्रत्येकी १०० रुपये बचत, म्हणजे १,२०० रुपये, आणि कर्जाच्या परतफेडीचे ७,८०० रुपये. एकूण ९,००० रुपये पेटीत आले. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, बँक बंद. नंतर रविवार. म्हणजे भरणा सोमवारीच होणार होता.

गटाचा नियम तुम्हांला माहीत आहे. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, वही तिसरीकडे. त्या आठवड्यात जिच्याकडे किल्ली असायची तिच्या भाच्याचं लग्न होतं. तिनं किल्ली पेटीवरच ठेवली आणि ती लग्नाला गेली. पेटी वहिनींच्या घरी. वहिनींना शनिवारी पहाटे माहेरी जायचं होतं. त्यांनी आम्हांला फोन केला, “पेटीचं काय करू?” आम्ही म्हणालो, “राहू द्या, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. सोमवारी सकाळी याल ना?” हे वाक्य आमचं आहे, म्हणून आधी सांगून टाकतो.

वहिनींनी घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली. काकूंची साठी उलटलेली, घरात एकट्याच. वहिनींच्या दोन शेळ्यांना चारापाणी करायचं, तुळशीला पाणी घालायचं, एवढंच काम. पंधरा वर्षांचा शेजार. पोरं काकूंच्या ओट्यावरच मोठी झालेली.

रविवारी रात्री चोरी झाली. पेटीतले ९,००० रुपये गेले. गव्हाच्या कोठीत खाली पुरून ठेवलेली दीड तोळ्याची बोरमाळ गेली. लेकीच्या कानातलं गेलं. सोमवारी सकाळी काकू शेळ्यांना पाणी ठेवायला गेल्या, तेव्हा परसदाराचा कडी-कोयंडा उचकटलेला दिसला. त्यांनीच आरडाओरडा केला, त्यांनीच वहिनींना फोन लावला.

पोलीस आले, पंचनामा झाला. मागचं दार बाहेरून पहारीनं उचकटलं होतं, हे पंचनाम्यात स्पष्ट लिहिलं गेलं. ती पहारसुद्धा वहिनींचीच, परसात भिंतीला टेकवून ठेवलेली. पुढचं कुलूप जसंच्या तसं होतं. म्हणजे काकूंकडच्या किल्लीचा या चोरीशी काहीही संबंध नव्हता.

पण गावाला कागद वाचायची सवय कुठं? दुसऱ्या दिवशी नळावर कुजबुज सुरू झाली. “किल्ली कुणाकडं होती?” कुणी सांगितलं की दार मागून फोडलंय, तर पुढचा प्रश्न तयार, “मग मागच्या दाराची माहिती कुणी दिली?” वहिनी स्वतः कधी काही बोलल्या नाहीत. पण त्यांनी तोंड उघडून “काकूंवर माझा विश्वास आहे” असंही म्हटलं नाही. आम्हीही बैठकीत गप्प बसलो. वाटलं, चार दिवसांत मिटेल.

मिटलं नाही. काकू गटाच्या सभासद होत्या. त्यांनी बैठकीला येणं सोडलं. बचतीचे १०० रुपये नातवाच्या हाती पाठवायच्या, उंबऱ्याबाहेरून. तीन महिन्यांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “किल्ली माझ्याकडं होती, तर दोष पण माझ्याकडंच आला. आता कुणाची किल्ली घेणार न्हाई.”

मैत्रिणींनो, बोरमाळ गेली त्याचं दुःख होतंच. त्या बोरमाळेवर वहिनींनी लेकीच्या कॉलेजची फी धरलेली होती. पण काकूंचं ते वाक्य आम्हांला जास्त लागलं. कारण आपल्याकडे घर राखतं कोण? कॅमेरे, पहारेकरी हे शहरातल्या सोसायट्यांना. आपलं घर शेजारीण राखते. तिनंच किल्ली घ्यायला नकार दिला, तर आपण कुणीच कुठं जाऊ शकणार नाही. म्हणून घर बंद करून जाताना दोन गोष्टी जपायच्या असतात. घर तर जपायचंच, पण किल्ली घेणारीचं नावही जपायचं. दोन्हींसाठी गटात आम्ही काय ठरवलं, ते आता सांगतो.

पहिलं काम, जायच्या आठवडाभर आधी घराला बाहेरून एक फेरी मारा. आपण घर नेहमी आतून बघतो, चोर बाहेरून बघतो. परसदाराकडे जरा निरखून पाहा. कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसतात का? दिसत असतील तर पेचकसानं ते दोन मिनिटांत निघतात. गावातल्या सुताराला सांगून तिथं आरपार नट-बोल्ट बसवून घ्या, नट आतल्या बाजूला. मागच्या दाराला आतून आडवा अडसर घाला. आपल्या आज्या घालायच्या तसाच, लाकडी किंवा लोखंडी. मागचं दार आतून बंद करायचं आणि बाहेर पडायचं ते पुढच्याच दारानं. न्हाणीघराचा झरोका, पत्र्याची सैल झालेली बाजू, खिडकीचे हलणारे गज, हेही त्याच फेरीत बघून घ्या.

आणि परसातली हत्यारं आत घ्या. शिडी, पहार, कुदळ, टिकाव. चोराला आपलं घर फोडायला आपणच अवजार पुरवायचं नाही. वहिनींच्या घरी नेमकं तेच झालं होतं.

पुढच्या दाराला जमलं तर आतल्या बाजूनं बसणारं लॅचचं कुलूप लावा. कडीला लोंबणारं मोठं कुलूप मजबूत असतं, पण घरात कुणी नाही हे ते लांबूनच सांगतं. कडीचंच कुलूप असेल तरी हरकत नाही, दारावर पडदा सोडा म्हणजे रस्त्यावरून ते दिसणार नाही.

दुसरं काम, घर रिकामं दिसता कामा नये. दारापुढं सडा नाही, तुळस सुकलेली, दोरीवर चार दिवस तेच कपडे, ओट्यावर पेपर साठलेले, एवढं दिसलं की सांगायला कुणी लागत नाही. दूधवाल्याला, पेपरवाल्याला आधी बंद करायला सांगा. शेजारणीला म्हणा, आपल्या दारापुढं सडा टाकताना आमच्याही दारापुढं दोन हात मार, रांगोळीची चार बोटं ओढ. काही जणी बाहेरचा दिवा चालू ठेवून जातात. तो भर दुपारीही जळत राहिला की उलटा चहाडी करतो. त्यापेक्षा दिव्याचं बटण बाहेर ओट्यावर घ्या, म्हणजे शेजारीण संध्याकाळी लावेल आणि सकाळी बंद करेल. त्यासाठी तिला घर उघडावं लागणार नाही.

इथं मोबाइलचंही सांगायला हवं. आपण एसटीत बसलो की पहिला फोटो काढतो आणि स्टेटसला लावतो. ‘निघालो मोरगावला!’ तो फोटो आपल्या दोनशे नंबरांना दिसतो. त्यातले किती जण आपल्याला खरोखर माहीत असतात? फोटो काढा, खूप काढा, पण परत आल्यावर लावा. पोरांनाही हे समजावून सांगा, कारण आपण लावला नाही तरी ती लावतात.

आणि दारावर येणारी अनोळखी माणसं. दागिने पॉलिश करून देतो म्हणणारे, कसला तरी सर्व्हे करतो म्हणणारे, “ताई, घरी कोण कोण असतं?” असं विचारणारे. त्यांना ‘आम्ही पुढच्या आठवड्यात गावाला जाणार आहोत’ हे कधीही सांगू नका. पोरांच्या तोंडूनही जाऊ देऊ नका. दागिना तर त्यांच्या हातात मुळीच द्यायचा नाही.

तिसरं काम, दागिने आणि पैसे. गव्हाची कोठी, डाळीचा डबा, देव्हाऱ्याखालचा पाट, गादीची खोळ. आपल्या सगळ्यांच्या जागा सारख्याच आहेत आणि चोरालाही त्या पाठ आहेत. घर बंद राहणार असेल तर दागिना घरात ठेवूच नका. बँकेत लॉकर मिळत असेल तर दोघी जावा मिळूनही तो घेता येतो का, विचारा. लॉकरबाबत रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले आहेत. चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच कर्मचाऱ्यानं केलेली फसवणूक, यामुळे लॉकरमधल्या वस्तूंचं नुकसान झालं, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत आहे. भाडं वर्षाला १,५०० रुपये असेल, तर दीड लाखांपर्यंत. पूर किंवा भूकंपासारख्या नैसर्गिक आपत्तीला मात्र हे लागू नाही. आणि लॉकरमध्ये रोख रक्कम ठेवायची नसते. रोख रक्कम खात्यातच भरायची.

प्रत्येक दागिन्याचा फोटो काढून ठेवा, पावती जपून ठेवा. हल्लीच्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरं-अंक मिळून एक बारीक क्रमांक कोरलेला असतो. तो वहीत उतरवून घ्या. जुन्या दागिन्यावर तो नसेल, तर वजन आणि ओळखीची खूण लिहा, ‘तिसऱ्या मण्याला चेप आहे’ अशी. चोरीचा माल सापडला तर आपला कोणता हे याच्यावरून सांगता येतं. वहिनींकडे बोरमाळेची पावतीही नव्हती आणि फोटोही नव्हता. शेवटी एका लग्नाच्या फोटोत गळ्यात दिसत होती, तो पोलिसांना दिला.

आणि गटाच्या बायांनो, गटाच्या पैशाचं तर पक्कं लक्षात ठेवा. बैठकीचा दिवसच असा धरा की दुसऱ्या दिवशी बँक उघडी असेल. दुसरा आणि चौथा शनिवार बँक बंद असते, हे कॅलेंडरवर आधीच लाल करून ठेवा. पेटी ज्या घरात आहे ते घर बंद होणार असेल, तर पेटी हलवायची, आणि कुठं हलवली ते वहीत लिहून तिघींनी सही करायची. समन्वयकानं ‘राहू द्या’ म्हटलं तरी ऐकायचं नाही.

चौथं काम आपल्या गावाकडच्या घरासाठी फार महत्त्वाचं. आपलं घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. गोठ्यात गाय आहे, शेळ्या आहेत, खुराड्यात कोंबड्या आहेत. त्यांची सोय घराच्या आत ठेवू नका. पेंड, चारा, बादली, सगळं गोठ्यात किंवा पडवीत काढून ठेवा. म्हणजे जनावरं सांभाळणारीला घराचं दार उघडावं लागत नाही. गॅसचा रेग्युलेटर बंद करा. पाण्याच्या टाकीचा कॉक बंद करा. फ्रिज रिकामा करता आला तर विजेचा मेन स्विच पाडून जा. पावसाळ्यात जात असाल तर पन्हाळी साफ करून जा, नाहीतर चोर नाही आला तरी पाणी आत येतं.

आता पाचवं आणि आमच्या मते सगळ्यांत मोठं काम. किल्ली.

काकूंच्या प्रसंगानंतर आमच्या गटानं एक ‘किल्लीची वही’ केली. साधी शंभर पानी वही. जिला गावाला जायचं आहे तिनं त्यात चार ओळी लिहायच्या. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत घर बंद आहे. किल्ली कुणाकडे आहे. ती कशासाठी दिली आहे. आणि चौथी ओळ, ‘घरात दागिने व रोख रक्कम ठेवलेली नाही.’ खाली देणारीची सही, घेणारीची सही आणि तिसऱ्या एकीची साक्ष. वही साक्ष देणारीकडे राहते, ती बैठकीत सगळ्यांपुढं फिरत नाही.

चौथी ओळ लिहायची म्हणजे आधी घर खरोखर तसं करावं लागतं. ती ओळ ज्या दिवशी लिहिली, त्या दिवशी किल्ली घेणारीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. तिच्या हातात आपण तिजोरी देत नाही, एक दार देतो. आणि किल्लीची गरजच नसेल, तर ती देऊही नका. नुसतं ‘लक्ष ठेवा’ म्हटलं तरी पुरतं. तिला आपला नंबर द्या, नवऱ्याचा नंबर द्या आणि जिथं जाणार तिथला एक नंबर द्या.

एक चूक आम्ही पुढच्याच वर्षी केली, तीही सांगतो. गटाची यात्रा काढली आणि एका गल्लीतल्या सातही घरांच्या बायका एकदम निघाल्या. पुरुष कामाला. निघायच्या आदल्या रात्री लक्षात आलं की ज्या एकमेकींच्या घराकडे बघणार, त्या सगळ्याच गाडीत आहेत! त्या रात्री दोघी मागं राहायला तयार झाल्या. आता यात्रा दोन तुकड्यांत जाते, गल्लीतल्या निम्म्या आधी, निम्म्या नंतर. आणि निघण्यापूर्वी पोलीस पाटलांना सांगून जातो. जवळच्या पोलीस ठाण्यातही कळवता येतं, रात्रीच्या गस्तीला ते घर लक्षात राहतं.

एवढं करूनही काही घडलंच तर? परत आल्यावर दार फुटलेलं दिसलं, तर आत धावू नका. चोर आत असू शकतो. आणि आपण कपाटाला हात लावला की ठसे पुसले जातात. बाहेरूनच ११२ नंबर लावा. पंचनामा होऊ द्या, नंतर काय काय गेलं याची यादी द्या. तक्रार नोंदवली की एफआयआरची प्रत आपल्याला विनामूल्य मिळते, तो आपला हक्क आहे. तुम्ही प्रवासात असाल आणि बातमी तिथं कळली, तर हद्दीचा प्रश्न न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये या दोन्ही गोष्टी आहेत.

आणि संशय असेल तर तो पोलिसांना सांगा, नळावर सांगू नका. शोध घेणं त्यांचं काम आहे. नळावर बोललेलं परत घेता येत नाही.

वहिनी-काकूंचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. पेटीतले ९,००० रुपये एकट्या वहिनी भरायला निघाल्या होत्या. गटानं ते मानलं नाही. नियम एकटीनं मोडला नव्हता. बाराजणींनी आठवड्याला ५० रुपये जादा भरले, पंधरा आठवड्यांत रक्कम पूर्ण झाली. ते जादा ५० रुपये काकूही भरत होत्या, उंबऱ्याबाहेरून. शेवटच्या आठवड्यात आम्ही बैठकच काकूंच्या ओट्यावर घेतली. पंचनाम्यात काय लिहिलंय ते सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचलं. जे पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं ते चौथ्या महिन्यात केलं. वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, “काकू, मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं.” काकू काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि सगळ्यांना चहा टाकला.

चोर अजून सापडलेला नाही. बोरमाळही नाही. लेकीची फी वहिनींनी गटाकडून कर्ज घेऊन भरली, त्याचे हप्ते चालू आहेत. गेल्या दिवाळीत वहिनी माहेरी गेल्या, तेव्हा किल्लीची वही घेऊन काकूंकडे गेल्या. काकूंनी चष्मा लावला, चौथी ओळ दोनदा वाचली, मग सही केली.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एकच काम करा. आज संध्याकाळी घराला बाहेरून एक फेरी मारा आणि मागच्या दाराचा कोयंडा बघा. आणि पुढच्या बैठकीत किल्लीची वही काढायचा विषय घ्या. तुमच्या गटात याहून चांगली काही रीत असेल तर केंद्रावर येऊन आम्हांला सांगा, पुढच्या कार्यक्रमात ती सगळ्यांना ऐकवू.

माहेरी जाताय त्यांनी निवांत राहा, आईच्या हातचं खा. ज्या मागं राहून आमच्या घरांकडे बघणार आहेत, त्यांना येताना काहीतरी आणायला विसरू नका. नमस्कार.